डीप फ्रीझरला लागलेला नळ

अमेरिकेत घरच्या घरी बिअर बनवणाऱ्या हौशी लोकांच्या तळघरांत आणि गॅरेजांत एक घरगुती बनावटीचे यंत्र आढळते. आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसा, वर झाकण उघडणारा आडवा डीप फ्रीझर, त्याची पेटी आणि झाकण यांच्यामध्ये बसवलेली लाकडी चौकट, आणि त्या चौकटीतून बाहेर आलेल्या तीन-चार तोट्या, असे त्याचे रूप असते. तोटीची मूठ पुढे ओढली की आत ठेवलेल्या पिंपातली गार, फेसाळ बिअर थेट पेल्यात उतरते. बिअरच्या धातूच्या पिंपाला ‘केग’ म्हणतात आणि केग व फ्रीझर हे शब्द जोडून या यंत्राला तिकडे ‘कीझर’ असे नाव पडले आहे. वरवर पाहता हा सुतारकामाचा आणि नळजोडणीचा खेळ वाटतो; परंतु पदार्थ उणे १८ अंश सेल्सिअसला गोठवून ठेवण्यासाठी घडवलेल्या यंत्राला ३ ते ४ अंशांवर थांबवणे, म्हणजे त्याच्याकडून त्याच्या ताकदीपेक्षा कमी काम करून घेणे, ही यातली खरी अडचण आहे आणि पाणी साचणे, कंप्रेसर दमणे, पहिला पेला नुसता फेसाने भरणे या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते.

हा छंद अमेरिकेतच एवढा का फोफावला, हे समजण्यासाठी तिथल्या कायद्याकडे पाहावे लागते. १९२० ते १९३३ या काळात तेथे देशव्यापी दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरी वाइन बनवण्यास मुभा मिळाली, बिअर मात्र त्या सवलतीतून वगळली गेली आणि ही विसंगती तब्बल ४५ वर्षे टिकली. कॅलिफोर्नियाचे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्या पुढाकाराने केलेली तरतूद ज्या विधेयकात होती त्यावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून घरगुती बिअर संघराज्याच्या पातळीवर करमुक्त झाली. एक प्रौढ व्यक्ती राहत असलेल्या घराला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला त्याच्या दुप्पट, अशी मर्यादा ठरली. बिअर विकण्यास मनाई कायम राहिली. राज्यांना आपापले नियम करण्याचा अधिकार असल्यामुळे मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांत ही मुभा मिळायला २०१३ साल उजाडले.

मुभा मिळाली तरी बाटल्यांचा जाच सुटला नव्हता. हौशी लोक साधारणपणे एका वेळी ५ गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर बिअर बनवतात आणि तेवढी भरायला ३५५ मिलिलिटरच्या पन्नासेक बाटल्या लागतात. त्या घासणे, निर्जंतुक करणे, प्रत्येकीत मोजून साखर जाईल अशी व्यवस्था करणे, बुचे दाबून बसवणे आणि मग बाटलीतल्या यीस्टने ती साखर खाऊन वायू तयार करेपर्यंत दोन-तीन आठवडे थांबणे, हे काम बिअर शिजवण्यापेक्षाही किचकट असते. त्यातून सुटका झाली ती शीतपेयांच्या धंद्यामुळे. अमेरिकेतल्या उपाहारगृहांना पेप्सी आणि कोका-कोला यांचे गोड पाक ५ गॅलनच्या उंच, अरुंद, स्टेनलेस स्टीलच्या पिंपांतून पुरवले जात असत. ही पिंपे बनवणाऱ्यांपैकी कॉर्नेलियस या कंपनीच्या नावावरून त्या सगळ्याच पिंपांना ‘कॉर्नी’ म्हणण्याची प्रथा पडली. पुढे हाच पाक पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून येऊ लागला, पिंपे निरुपयोगी ठरली, भंगाराच्या भावात निघाली आणि हौशी लोकांनी ती उचलली. पेप्सीच्या पिंपांची जोडणी गोळीच्या खटक्याची आणि कोका-कोलाच्या पिंपांची जोडणी बाहेर आलेल्या खुंट्यांची असल्यामुळे एकाचे तोंड दुसऱ्याला बसत नाही. दोन बड्या कंपन्यांच्या स्पर्धेतला हा भेद आजही त्या बिअरवाल्यांच्या हत्यारपेटीत शिल्लक आहे.

कॉर्नीची रचना सोपी आहे. वर दोन तोंडे असतात. एकातून कार्बन डायऑक्साइड वायू आत शिरतो आणि बिअरच्या पृष्ठभागावर दाब देतो. दुसऱ्या तोंडाला आतून तळापर्यंत पोहोचणारी लांब नळी जोडलेली असते आणि दाबामुळे बिअर त्या नळीतून वर चढून तोटीकडे जाते. मधले लंबगोल झाकण काढले की हात आत घालून पिंप घासता येते, जे बारमध्ये येणाऱ्या कारखान्याच्या पिंपांत शक्य नसते. झाकणावर दाब सोडण्याची झडप असते आणि पिंप उघडण्यापूर्वी ती ओढून आतला वायू काढून टाकणे हा पहिला नियम मानला जातो.

आता ही पिंपे गार ठेवायची कशात, हा प्रश्न येतो. उभ्या फ्रिजमध्ये दोन पिंपे कशीबशी मावतात आणि दार उघडले की जड असलेली थंड हवा खालून वाहून जाते. आडव्या डीप फ्रीझरमध्ये थंड हवा खड्ड्यात साचल्यासारखी राहते, आत फळ्या-खण नसतात, आणि ७ घनफुटांच्या, म्हणजे सुमारे २०० लिटरच्या पेटीत सहसा तीन-चार कॉर्नी उभ्या राहतात. पेटीच्या एका टोकाला कंप्रेसरसाठी जो उंचवटा असतो त्यावर आखूड वस्तूच ठेवता येते, म्हणून वायूचे सिलिंडर बहुधा तिथे जाते. जुना फ्रीझर घ्यावा की नवा, याविषयी मतभेद आहेत. जुना स्वस्तात मिळतो, पण झाकणाचे रबर कडक झालेले, पत्रा आतून गंजलेला आणि वीज जास्त खाणारा निघू शकतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी तो काही तास चालवून भिंती सगळीकडे सारख्या गार होतात का, हे पाहणे किमतीत घासाघीस करण्यापेक्षा महत्त्वाचे ठरते.

तोटी बसवण्यासाठी भोक पाडायचे तर ते भिंतीत पाडता येत नाही आणि लाकडी चौकटीचा जन्म याच अडचणीतून झाला. उभ्या फ्रिजच्या दारात सहसा शीतक वायूची नळी नसते, त्यामुळे दाराला बिनधास्त भोक पाडता येते. डीप फ्रीझरच्या भिंतींत मात्र उष्णता शोषून घेणाऱ्या नळ्या आतल्या पत्र्यामागे आणि अनेकदा ती बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाहेरच्या पत्र्यामागे वेटोळे घालून बसवलेल्या असतात. एका नळीला ड्रिल लागले की शीतक वायू निघून जातो आणि यंत्राचा पत्र्याचा डबा होतो. शिवाय आजच्या अनेक फ्रीझरांत शीतक म्हणून आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो, त्यामुळे नुकसान पैशापुरतेच राहील याची खात्री नसते. काही जण मक्याचे पीठ दारूत कालवून पत्र्यावर फासतात आणि ते कुठे लवकर वाळते यावरून गरम नळ्यांचा माग काढतात. परंतु ज्याला भिंतीला हात न लावताही काम साधता येते, त्याने ही जोखीम घेण्याचे कारण दिसत नाही.

चौकटीचा उपाय असा. झाकण बिजागऱ्यांसकट काढायचे, पेटीच्या काठाच्या मापाची साधारण १४ सेंटिमीटर उंच आणि ४ सेंटिमीटर जाड फळ्यांची चौकट तयार करून ती काठावर ठेवायची, सांधे सिलिकॉनने बुजवायचे, चौकटीच्या आतल्या बाजूला फोमचे उष्णतारोधक पत्रे चिकटवायचे आणि झाकण वर पुन्हा जोडायचे. तोट्यांची सगळी भोके या लाकडात पडतात आणि मूळ यंत्राला धक्का लागत नाही. बिअरचा छंद सुटला तर चौकट काढून फ्रीझर पुन्हा मटार गोठवायला मोकळा होतो. चौकट पेटीला चिकटवावी की झाकणाला, यावर मात्र विचार करावा लागतो. पेटीला चिकटवली तर तोट्या जागच्या जागी राहतात, पण १९ लिटर बिअर आणि ४ किलोच्या आसपास पिंप, असे बावीस-तेवीस किलोंचे ओझे चौकटीच्या उंचीइतके अधिक उंच उचलून आत सोडावे लागते. झाकणाला चिकटवली तर उचलण्याची उंची वाढत नाही, परंतु झाकण उघडताना तोट्या आणि त्यांना जोडलेल्या नळ्या वर ओढल्या जातात, म्हणून नळ्यांत पुरेशी ढील ठेवावी लागते. पाठदुखी असलेल्या माणसाने दुसरा मार्ग धरावा.

यानंतर येते तापमान. फ्रीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला कंप्रेसर चालू-बंद करणारा स्विच, गोठणबिंदूच्या वरच्या तापमानांसाठी बनवलेला नसतो. त्याच्या भरवशावर राहिल्यास बिअर गोठते, कारण ५ टक्के मद्यार्क असलेली बिअर उणे २ अंशांच्या थोडे खाली गेली की बर्फ धरू लागते आणि फुगलेला बर्फ पिंपाला किंवा नळ्यांना इजा करू शकतो. म्हणून बाहेरून एक तापमान-नियंत्रक जोडतात. फ्रीझरची पिन या नियंत्रकात आणि नियंत्रक भिंतीतल्या सॉकेटमध्ये, अशी ही जोडणी असते. संवेदक तार पेटीच्या आत जाते आणि आतले तापमान ठरवलेल्या अंशापेक्षा वाढले की नियंत्रक फ्रीझरला वीज देतो, उतरले की तोडतो. संवेदक मोकळ्या हवेत लटकवला तर झाकण उघडताच हवा तापते आणि कंप्रेसर विनाकारण सुरू होतो. म्हणून तो पाण्याच्या बाटलीत बुडवतात किंवा पिंपाला चिकटवून वरून फोमची पट्टी बांधतात, म्हणजे त्याला हवेऐवजी बिअरचे तापमान कळते.

थांबलेला कंप्रेसर लगेच सुरू होऊ पाहतो तेव्हा त्याच्या दोन बाजूंच्या वायूदाबांतला फरक अजून मिटलेला नसतो, मोटर त्या दाबाविरुद्ध अडते, जास्त वीज ओढते आणि तापते. त्यामुळे बंद झाल्यावर निदान ३ ते ५ मिनिटे वीज न देण्याची सोय नियंत्रकात असावी लागते आणि चालू-बंद होण्याच्या तापमानांत एक-दोन अंशांचे अंतर ठेवावे लागते. कमी काम करवून घेण्याचा फायदा मात्र विजेच्या बिलात दिसतो. खोलीचे तापमान २१ अंश धरले तर उणे १८ अंशांच्या फ्रीझरच्या भिंतीच्या दोन बाजूंत ३९ अंशांचा फरक असतो, ३ अंशांच्या कीझरमध्ये तो १८ वर येतो. भिंतीतून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असल्याने ती निम्म्याहून कमी होते; चौकटीच्या लाकडातून थोडी गळती होते ती वेगळी.

फ्रीझरमध्ये बाष्प भिंतीवर बर्फ होऊन चिकटते आणि वर्षातून एकदा-दोनदा खरवडले की काम भागते. कीझरमध्ये कंप्रेसर चालू असताना भिंतीवर धरलेला बर्फ कंप्रेसर थांबल्यावर वितळतो, पाणी तळाशी साचते, पत्रा गंजतो आणि चौकटीच्या कोपऱ्यांत बुरशी धरते. पेटीत पाणी आपोआप बाहेर टाकण्याची सोय नसते, कारण मुळात तिथे पाणी व्हावे अशी अपेक्षाच नव्हती. पुन्हा पुन्हा वाळवून वापरता येणारी सिलिका जेल किंवा ओल शोषून पाणी होणारे कॅल्शियम क्लोराइड आत ठेवणे आणि तळ अधूनमधून फडक्याने टिपणे, हेच उपाय आहेत. त्यांत चुकारपणा केल्यास वास बिअरच्या पेल्याआधी नाकाला भेटतो.

आता वायू. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि २१ अंशांना त्याचा दाब दर चौरस इंचाला साडेआठशे पौंडांच्या आसपास भरतो, तर पिंपाला १० ते १२ पौंड पुरतात; मोटारीच्या टायरमध्ये भरल्या जाणाऱ्या हवेच्याही निम्म्याहून हा दाब कमी आहे. हा उतार घडवणारे साधन म्हणजे रेग्युलेटर. त्याच्यावर सहसा दोन काटे असतात आणि सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा नवख्याला हमखास फसवतो, कारण आत द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत दाब वायूच्या प्रमाणावर अवलंबून नसून केवळ तापमानावर असतो. सिलिंडर पेटीत गार झाला की काटा साडेपाचशेच्या आसपास घसरतो आणि गॅस संपत आल्याचा भास होतो. उलट गॅस खरोखर संपतो तेव्हा काटा एकाएकी कोसळतो. किती उरला हे समजायचे तर सिलिंडर वजनकाट्यावर तोलणे हाच खात्रीचा मार्ग आहे. सिलिंडर आडवा ठेवू नये, अन्यथा द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो.

वायू बिअरमध्ये किती विरघळेल याचा हिशेब मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेल्या नियमाने होतो. तापमान कायम असेल तर द्रवात विरघळणारा वायू त्याच्या दाबाच्या समप्रमाणात असतो, आणि द्रव जितका गार तितका तो वायू अधिक धरून ठेवतो. बिअरवाले हे प्रमाण पटीत मोजतात. एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर वायू विरघळलेला असेल तर ती अडीच पटीची बिअर होय, आणि बहुतेक अमेरिकी एल प्रकारच्या बिअर या आकड्याच्या आसपास असतात. ३ अंशांना ११-१२ पौंड दाबावर पिंप एक-दोन आठवडे सोडून दिले की बिअर या प्रमाणापाशी आपोआप येऊन थांबते. तीच बिअर २० अंशांना ठेवली तर तेवढ्याच वायूसाठी २८ पौंडांच्या आसपास दाब लागेल. घाईची माणसे ३० पौंड दाब लावून पिंप हलवतात, पण थांबायचे कुठे हे चुकले की बिअर फेसाळते आणि मग जादा वायू काढत बसण्यात वाचवलेला वेळ जातो.

फेस आवरणारी वस्तू बिअरची नळी आहे, तोटी नव्हे, हे पुष्कळांना उशिरा उमगते. १२ पौंड दाबाची बिअर आखूड नळीतून एकदम मोकळ्या हवेत आली तर विरघळलेला वायू उसळून बाहेर पडतो. हाच दाब नळीच्या लांबीत घर्षणाने हळूहळू खर्ची पडला तर बिअर तोटीपाशी शांतपणे पोहोचते. त्यासाठी नळी अरुंद, सुमारे ५ मिलिमीटर आतील व्यासाची आणि १० फूट, म्हणजे ३ मीटर लांब घेण्याचा प्रघात आहे. व्यावसायिक तक्ते याच्या निम्म्या लांबीवर भागवतात, पण ते बारमधल्या भराभर ओतण्याच्या वेगासाठी असतात आणि घरी कोणाला तेवढी घाई नसते. इतके करूनही दिवसाचा पहिला पेला फेसाळ येतो, कारण थंड हवा तळाशी आणि चौकटीतल्या तोट्या वरच्या उबदार थरात, अशी स्थिती असते. तोटी उबदार राहिली की तिच्यात शिरणाऱ्या बिअरमधला वायू तिथेच सुटतो. संगणकात असतो तसा छोटा पंखा आत ठेवून तळाची हवा वर ढकलली की हा दोष बराच कमी होतो.

वायूबद्दलची सावधगिरी तांत्रिक टीपेपुरती ठेवता येत नाही. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी लीड्समध्ये शेजारच्या बिअरच्या कारखान्यात आंबवणाच्या टाक्यांवर साचलेल्या या वायूत जळत्या काड्या विझताना पाहिल्या आणि तो पाण्यात विरघळवण्याची रीत १७७२ मध्ये छापली; हवेपेक्षा दीडपट जड असलेला तो वायू आजही तसाच खाली साचतो आणि फ्रीझरची पेटी त्याच्यासाठी तयार खड्डा असतो. ५ पौंडांच्या, म्हणजे सव्वादोन किलोंच्या सिलिंडरमधला सगळा वायू सामान्य तापमानाला सुमारे १,२०० लिटर जागा व्यापतो. तीन मीटर लांब-रुंद आणि अडीच मीटर उंच अशा बंद खोलीत तो पूर्ण गळाला तर हवेत त्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जाते, आणि अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने ४ टक्के ही पातळीच जिवाला तात्काळ धोका मानली आहे. म्हणून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे, तळघरात कार्बन डायऑक्साइडचा गजर बसवणे आणि पेटीत डोके घालण्यापूर्वी झाकण काही वेळ उघडे ठेवणे, हे सोपस्कार टाळू नयेत.

नळ्या आणि तोट्या स्वच्छ ठेवणे हे काम मात्र कधीच संपत नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचा चिवट थर, यीस्ट आणि जिवाणू नळीत साठतात आणि चांगल्या बिअरला आंबूस, लोण्यासारखा वास येतो. अमेरिकेतल्या बिअर उत्पादकांच्या संघटनेने बारसाठी दर १४ दिवसांनी क्षारयुक्त द्रावणाने नळ्या धुण्याचा दंडक घातला आहे. घरी बहुतेक जण पिंप बदलताना धुतात. जुन्या धर्तीच्या तोट्यांत झडप मागे असते, पुढच्या भागात बिअर सुकून चिकटते आणि मूठ अडकते. झडप पुढे असलेल्या तोट्या थोड्या महाग पडतात, पण त्यांवरचा खर्च कारणी लागतो.

महाराष्ट्रात हे यंत्र बनवण्याला आडकाठी नाही, त्यात घरची बिअर भरण्याला आहे. मुंबई राज्यात १९४९ मध्ये केलेला आणि आज महाराष्ट्राच्या नावाने चालणारा दारूबंदी कायदा परवान्याशिवाय मद्यनिर्मितीस मनाई करतो आणि अमेरिकेसारखी घरगुती सूट त्यात नाही; पुण्या-मुंबईत ताजी बिअर पिंपातून मिळते ती परवाना घेतलेल्या छोट्या ब्रुअऱ्यांत. पण पिंप, सिलिंडर आणि नळी यांना आतल्या द्रवाशी देणेघेणे नसते. तेच यंत्र साधा सोडा, लिंबू सरबत किंवा थंड कॉफीही देऊ शकते. इथे फक्त फ्रीझर आणि नियंत्रक २३० व्होल्टचे हवेत. सोड्याला मात्र बिअरपेक्षा बराच जास्त, साडेतीन ते चार पटींचा वायू लागतो, म्हणजे दाब २५ पौंडांच्या घरात किंवा वर ठेवावा लागतो, आणि तो दाब खर्ची घालण्यासाठी नळीही बिअरच्या नळीच्या दुप्पट किंवा त्याहून लांब घ्यावी लागते. एकाच पेटीत बिअर आणि सोडा दोन्ही ठेवणाऱ्या अमेरिकी घरांत त्यामुळे दोन वेगळे दाब देणारा रेग्युलेटर आणि सोड्याच्या तोटीमागे गुंडाळलेले नळीचे मोठे वेटोळे दिसते.